घरातून निघतो, शाळेत पोचत नाही: वारंवार पडणाऱ्या दांडीचं काय करायचं

दर वर्षी पहिल्या पालकसभेनंतर एखादे तरी पालक मागे रेंगाळतात. बाकीचे गेले की टेबलापाशी येतात. “बाई, पोरगा गैरहजर म्हणून मेसेज आला. पण तो तर रोज पावणेसातला डबा घेऊन निघतो. डबा रिकामा येतो. दुसऱ्याचा मेसेज चुकून आमच्याकडं आला असंल.” मी हजेरीपट उघडते आणि नावापुढच्या आडव्या ओळीवर बोट ठेवते. हजर दिवसांच्या उभ्या रेघा, मधेमधे ‘गै’. वडील मनातल्या मनात मोजतात. चेहरा आधी उतरतो, मग तापतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे: “आज घरी गेल्यावर बघतोच त्याच्याकडं.”

तेवढं करू नका. निदान त्या दिवशी तरी नको. तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत मी वीस वर्षं आठवी-नववीचे वर्ग सांभाळतेय. मार खाऊन बंद झालेली दांडी महिनाभरात पुन्हा सुरू झालेली मी इतक्यांदा पाहिली आहे की आता आश्चर्य वाटत नाही. फरक इतकाच पडतो की दुसऱ्या खेपेला पोरगं जास्त हुशारीनं लपवतं. डबा रिकामा येत असेल तर तो कुठंतरी खाल्ला गेलाय, एवढंच त्यावरून कळतं.

आधी फोन नंबर तपासा

हे वाचून हसू येईल, पण निम्मा घोळ इथंच असतो. शाळेच्या नोंदीत तुमचा कोणता नंबर आहे? पाचवीत प्रवेश घेताना दिलेला, नंतर बंद पडलेला? की घरातला तोच फोन, जो ‘अभ्यासासाठी’ दिवसभर मुलाकडं असतो? मागे एका आईला मी महिनाभर मेसेज पाठवत होते आणि ‘ओके बाई’ असं उत्तर येत होतं. उत्तर लेक देत होती. दोन्ही पालकांचे चालू नंबर वर्गशिक्षकांच्या वहीत पेनानं लिहून घ्या. तुम्ही दिवसभर कामावर असाल तर शेजारच्या काकूंचा नंबरही द्या.

टक्के विचारू नका, तारखा विचारा

पालक येतात आणि विचारतात, “बाई, हजेरी किती टक्के आहे?” मी “त्र्याऐंशी” म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पंचाहत्तरच्या वर आहे ना, झालं तर.

आता हा हिशेब बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीची शाळा वर्षाला किमान 220 दिवस भरायला हवी, पहिली ते पाचवीची 200 दिवस. आठवड्याचे सहा दिवस धरले तर 220 दिवसांत साधारण 37 मंगळवार येतात. एखाद्या पोरानं वर्षभर एकही मंगळवार शाळेचं तोंड पाहिलं नाही, तरी त्याची हजेरी 83 टक्के भरते. मंगळवारी गणिताचा जोडतास असेल तर तो त्यानं वर्षभरात एकदाही पाहिलेला नसतो, आणि प्रगतिपुस्तकावर हजेरी झकास दिसते.

म्हणून महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षकांकडं गैरहजर दिवसांच्या तारखा मागा आणि घरच्या कॅलेंडरवर त्यांना गोल करा. भिंतीवरच्या त्या पानावर दोन महिन्यांत काहीतरी उमटतं. सगळे गोल एकाच वाराखाली येतात, किंवा दर महिन्याला तीन-चार दिवस सलग, किंवा सोमवार आणि सुट्टीनंतरचा पहिला दिवस, किंवा चाचणीच्या आदल्या दिवसापासून पुढं. नुसते विखुरलेले असतील तर बहुतेक ते खरंच आजारपण किंवा घरचं काम असतं.

मी स्वतः आडवी ओळ वाचून झाली की उभा रकाना वाचते. त्याच तारखांना आणखी तीन नावांपुढं ‘गै’ असेल तर ती टोळी आहे. नदीचा डोह, क्रिकेट किंवा कुणाच्यातरी रिकाम्या घरात मोबाईलवरचा गेम. हे प्रकरण त्यामानानं सोपं. चार घरचे पालक एकत्र बसले की दोन आठवड्यांत मिटतं; एकट्या घरानं धरबंद घातला तर मिटत नाही. पण मूल एकटंच गैरहजर असेल, दर वेळी त्याच वाराला असेल, तर माझे कान टवकारतात.

असाच एक नववीतला मुलगा होता. मंगळवार आणि शुक्रवार गायब. अभ्यासात बरा, उलट बोलणारा नाही. त्याच्या वडिलांना वाटत होतं आठवडी बाजारात हिंडत असेल, कारण आमच्याकडं बाजार मंगळवारी. पण मग शुक्रवारचं काय? मी वेळापत्रक पाहिलं. दोन्ही दिवशी पीटी, म्हणजे पांढरा गणवेश आणि पांढरे बूट. बूट नसलेल्या मुलांना मैदानाच्या कडेला वेगळी रांग करायला लावायची आमच्याकडं पद्धत होती. जूनमध्ये तो दोन आठवडे थोरल्या भावाचे जुने राखाडी बूट खडूनं घासून पांढरे करून आला होता, हे मला त्याच्या बाकावरच्या मित्रानं सांगितलं. मग पाऊस आला आणि खडू धुऊन गेला. घरी बोलला नाही, कारण त्याच महिन्यात बहिणीच्या दवाखान्यासाठी उसनवारी चालली होती आणि त्याला सगळं कळत होतं. बुटांची किंमत तीनशेच्या आत. त्यापायी पोरानं सतरा दिवस घालवले. ती वेगळी रांग आम्ही बंद केली, पण ती लावणाऱ्यांत इतकी वर्षं मीही होते, हे इथं लिहून टाकते.

त्याच्या वडिलांनी पहिल्याच दिवशी पट्टा काढला असता, तर हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

उशिराची दांडी

ही सगळ्यात जास्त आढळते, आणि हिच्यात दोष बराचसा शाळेचा असतो. सकाळचं सत्र, प्रार्थनेला फाटक बंद. एसटी वीस मिनिटं उशिरा आली. पोरगं धावत येतं तर फाटकावर शिपाईमामा, आत उशिरा आलेल्यांची रांग, परिपाठ संपेपर्यंत सगळ्या शाळेसमोर उभं राहायचं. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा ते फाटकापर्यंत येतच नाही. वीस मिनिटांच्या उशिराची अख्ख्या दिवसाची गैरहजेरी होते, आणि घरी दुपारी वेळेवर परत जायचं असल्यानं पाच तास कुठंतरी काढावे लागतात. ते पाच तास खरे धोक्याचे.

तुमचं मूल एसटीनं येत असेल तर एक दिवस तुम्ही त्याच गाडीनं या. गाडी किती वाजता स्टँडवर लागते आणि तिथून शाळेपर्यंत चालायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा. मग मुख्याध्यापकांकडं लेखी अर्ज द्या, की अमुक गाडीनं येणाऱ्या मुलांना उशीर झाला तरी वर्गात घ्यावं. एका गावच्या पाच-सहा पालकांची सही असेल तर असा अर्ज सहसा बाजूला पडत नाही. त्याच अर्जाची प्रत आगारात दिली तर गाडीची वेळही कधीकधी बदलते. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, तेव्हा भाड्याच्या पैशांपायी लेकीचा दिवस बुडत असेल तर तो बुडायला नको.

झोपेचंही बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते लहानग्यांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. आठवी-नववीच्या पोरांना ती सवलत नाही, आणि त्यांच्याच उशाशी फोन असतो. रात्री दहाला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. आई-वडिलांचेही तिथंच. नाहीतर हा नियम आठवडासुद्धा टिकत नाही, स्वानुभव.

मुलींची गैरहजेरी वेगळी वाचा

दर महिन्याला तीन-चार दिवस सलग, आणि चिठ्ठीत ‘पोटात दुखतंय’. आई म्हणते, “बाई, तुम्हाला माहितीच आहे की.” माहिती आहे. पण प्रत्येक वेळी कारण दुखणं नसतं. एकदा मी चार मुलींना नीट बसवून विचारलं, तेव्हा कळलं की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दोनपैकी एका दाराची कडी तुटलेली आहे आणि दुसऱ्यात पाणी येत नाही. आत जायचं तर बाहेर मैत्रीण उभी करावी लागते. कडी सुताराकडून बसवून घ्यायला अर्धा तास लागला. ती आठ महिने तुटलेली होती. मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह असावं हे कायद्यातच लिहिलेलं आहे. कडीचं मात्र कुणीतरी बोलावं लागतं.

ते बोलायची जागा म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. शासकीय आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत ती असावीच लागते, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी वही घरोघर फिरवून सह्या घेतात. तुमच्याकडं वही आली तर सही करण्याआधी सभा कधी आहे ते विचारा.

धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरलीला घरी ठेवणं, सोयाबीन काढणीला नाहीतर कांदा लागवडीला आठ दिवस नेणं, यांची चिठ्ठीही ‘आजारी’ म्हणूनच येते. माझ्या मते हीच सवय पुढं अंगाशी येते. आई-बाबा शाळेला खोटं लिहितात हे मूल बघतं, आणि ‘आजारी’ हा शब्द कुठं चालतो ते शिकतं. शेतात नेलं तर शेतात नेलं असं लिहा, मी रागावणार नाही. मात्र हेही ध्यानात असू द्या: 2016 च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा 14 वर्षांखालच्या मुलांना घरच्या कामात हातभार लावायची मुभा देतो, ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. शाळेच्या वेळेत नाही.

आणि चौदा-पंधराची मुलगी दिवाळीनंतर अचानक येईनाशी झाली, घरचे ‘मामाकडं गेलीय’ म्हणाले, तर तिचं लग्न लावलं जात नाही ना, अशी शंका घ्या; शेजारीपाजारी असाल तरी गप्प बसू नका. 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक त्यासाठीच आहे.

नियम नेमका काय आहे

याबद्दल दोन टोकांचे गैरसमज आहेत. एक, आठवीपर्यंत काहीच होत नाही. दुसरा, नाव कापतील.

नाव कापता येत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारता येत नाही, मानसिक त्रासही देता येत नाही. कुणी ‘दाखला घेऊन जा’ असं तोंडी सांगितलं तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा विषय तिथंच थांबतो. त्याच कायद्यात शिक्षकांवरही जबाबदारी आहे: पालकांना नियमित भेटून मुलाच्या हजेरीची माहिती देणं. तेव्हा तारखा मागताना संकोच नको. ते तुमच्यावरचे उपकार नव्हेत.

पण काहीच होत नाही हेही खोटं. मूल सलग महिनाभरापेक्षा जास्त आलं नाही तर पटावर नाव असूनही ते शाळाबाह्य धरलं जातं, बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक घरी येतात, परत आणल्यावर मागं पडलेल्या अभ्यासाची वेगळी सोय करावी लागते. शिवाय 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही हुकली तर त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष.

पालकांना दंड आहे का, असं हमखास कुणीतरी विचारतं. या कायद्यात नाही. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. तेव्हाचा रुपया म्हणजे गंमत नव्हती. उलटा प्रयोगही आपल्याकडं झाला: दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता. रुपया तोच, नव्वदीच्या दशकात सुरू झाला तेव्हापासून त्याची किंमत काय उरली ते तुम्हीच बघा.

नववीपासून खेळ बदलतो. शिक्षण हक्काचं कवच आठवीला संपतं. राज्य मंडळाच्या दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर 75 टक्के हजेरी लागते, सीबीएसईलाही तेवढीच. मोठं आजारपण वगैरे खरं कारण असेल तर कागदपत्रांसह सवलतीचा प्रस्ताव पाठवता येतो. पण तो कागद आजारपणातच जमवा. जानेवारीत डॉक्टरकडं जाऊन जुलैचा दाखला मागितला की मग रडारड होते. हजेरी भरली नाही तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच, असं पोरं एकमेकांना सांगतात. तो बाहेरून बसणाऱ्यांसाठी आहे, त्याच्या स्वतःच्या अटी आणि मुदती आहेत. ऐन वेळी शाळेतून उडी मारून त्यात बसता येत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी दोन ओळी. मुलांना फडावर नेणार असाल तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेनं मुलाला बसवून घ्यायचं असतं, दाखल्यासाठी अडवायचं नाही. आजी-आजोबा गावात असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा, दिवाळीच्या आधी, हंगाम सुरू व्हायची वाट बघू नका.

मुलाशी बोलायचं कसं

‘का गेला नाहीस?’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ‘असंच’ एवढंच येतं. त्याऐवजी वेळापत्रकाचा फोटो समोर ठेवा आणि विचारा, मंगळवारी पहिला तास कुणाचा? मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसतोस? एसटीत मागं कोण असतं? कुठल्यातरी एका नावाशी आवाज बदलतो. तिथं थांबा, पुढं ढकलू नका. रात्री जेवताना नको, गाडीवर मागं बसलेला असताना बघा. तोंडं समोरासमोर नसली की पोरं बोलतात.

एक फरक मात्र ओळखायला हवा. दांडी मारणारं मूल घरापासून लपवतं, बाहेर मजेत असतं. दुसरं एक मूल असतं, ते लपवत नाही. घरातच थांबतं, सकाळी पोट दुखतं, उलटी होते, आणि दहा वाजले की ठणठणीत. रविवारी संध्याकाळपासून चेहरा पडतो. ही दांडी नव्हे, धास्ती आहे. कुणी छळत असेल, वाचताना अक्षरं फिरत असतील, घरातल्या भांडणात आईला एकटं सोडवत नसेल. इथं शिस्त लावायला जाल तर गाठ आणखी घट्ट बसेल. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा, नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. वाचण्या-लिहिण्याची अडचण असेल तर तपासणी आठवी-नववीतच करून घ्या. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

परत येण्याचा दिवस

एका दिवसाची दांडी चार दिवसांची का होते, याचं उत्तर बहुतेक वेळा दप्तरात असतं. एक दिवस बुडाला, गृहपाठ राहिला. दुसऱ्या दिवशी वही दाखवायची, ती कोरी. म्हणून तोही बुडवला. आता दोन दिवसांचा अभ्यास. मूल शाळेला नाही, त्या वहीला घाबरतं. त्यामुळं परत पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मित्राच्या वह्या आणा आणि सगळं उतरवायला लावू नका. रात्री बारापर्यंत लिहून सकाळी ते उठणारच नाही. वर्गशिक्षकांना एक फोन करा: उद्या येतोय, वह्या अपुऱ्या आहेत, आठ दिवस द्या. मी तरी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही.

आणि शिक्षक कुणी वाचत असतील तर त्यांना: तो दारात दिसल्यावर ‘या साहेब, रस्ता सापडला का?’ हे वाक्य गिळा. मला ठाऊक आहे किती जिभेवर येतं ते. सगळा वर्ग हसतो आणि पालकांनी पंधरा दिवस खपून केलेलं त्या हसण्यात जातं. मी अशा मुलाला वर्ग भरायच्या आधी फाटकावरच गाठते आणि स्टाफरूममधून खडूचा डबा आणायला पाठवते. तो डबा घेऊन माझ्यामागून वर्गात शिरतो, खडू फळ्याखाली ठेवतो, जाग्यावर जाऊन बसतो. काम करत आत आलेल्या पोराकडं बाकीचे फारसं बघत नाहीत. त्यासाठी कपाटात खडूचा एक डबा मी कायम ठेवते, माझ्या टेबलावर दुसरा भरलेला असला तरी.